सेलिनाची खुर्ची

इस्कोनं ती खुर्ची बनवली तेव्हा त्याचे दोन्ही हात चालत होते. भारी लाकूड, वेताची बैठक, टेकायला रुंद हात आणि पाठीवर कोरलेली वेल. बायकोच्या डोक्यातल्या पाहुणीसाठी घाम गाळणारा सुतार सगळ्या लागुना प्रांतात आपण एकटेच, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होता. काम मात्र त्यानं जीव ओतून केलं. खुर्ची तयार झाल्यावर बायकोनं, पेलिंगनं, तिच्यावर प्लॅस्टिक चढवलं आणि सांगून टाकलं, की हिच्यावर बसेल तर सेलिना देल रोसाल बसेल, दुसरं कुणी नाही. घरी आलेल्या पाद्रीबाबांनाही तिनं बाकावर बसवलं होतं.

सेलिना ही सिनेमातली नटी. एके काळी तिच्या नावानं अर्धा देश रडायचा, आणि उरलेला अर्धा तिच्या वैरिणीच्या नावानं. गावात शूटिंग होतं तेव्हा पेलिंगनं तिचे कपडे धुतले, इस्त्री केले, उन्हात तिला वारा घातला, आणि तेही फुकट. वैरिणीच्या टोळीतल्या बायकांशी चर्चच्या आवारात झिंज्या उपटण्यापर्यंत जुंपली, त्यात पेलिंगचा पुढचा दात गेला. सेलिनानं ते पाहिलं, तिची हनुवटी धरली आणि म्हणाली, "माझ्यासाठी दात पाडून घेतलास? एक दिवस तुझ्या घरी जेवायला येईन हं, पेलिंग." त्या एका वाक्यावर पेलिंग जगत आली. दात तिनं पुन्हा कधी बसवला नाही. दाताच्या जागची ती खिडकी म्हणजे आपली पावतीच, असं ती म्हणायची.

इस्को थट्टा करायचा, पण अडवत नसे. नाताळाच्या सुमारास त्याला झटका आला आणि उजवी बाजू गेली. पडून पडून पाठ सोलवटली. बाकावर बसवलं की तो कलंडायचा. एकदा त्यानं जरा संकोचूनच विचारलं, की त्या खुर्चीला हात आहेत, तिच्यात बसलो तर नीट बसता येईल. पेलिंगनं ऐकलं न ऐकलंसं केलं आणि शेजाऱ्यांकडून प्लॅस्टिकची खुर्ची मागून आणली. ती घसरली, इस्को पडला. त्यानंतर त्यानं विषय काढला नाही. पेलिंगला रात्र रात्र वाईट वाटलं, पण खुर्चीवरचं प्लॅस्टिक काही निघालं नाही. माणसाचं असं असतं, वाईट वाटून घेणं सोपं पडतं.

नवऱ्यासाठी बाकी तिनं काही कमी केलं नव्हतं. घरात आजारी माणूस, म्हणून ती कुणाच्या मयताला गेली नाही. मयताच्या घरून निघालेल्यानं थेट घरी यायचं नसतं. वाटेत कुठंतरी, दुकानात म्हणा, खाणावळीत म्हणा, टेकायचं आणि मेलेल्याला तिथंच झटकून यायचं. याला 'पागपाग' म्हणतात. न झटकता आलात तर तो पाठोपाठ येतो आणि घरातला दुबळा जीव हेरतो. मागच्या आठवड्यात तिचा सख्खा भाऊ तेबान मयतावरून परस्पर इकडं आला, तर तिनं त्याला फाटकाबाहेरच थोपवलं. केळ्यांचा घड फाटकावरून घेतला आणि वाटेला लावलं. तो बिचारा पाय आपटत गेला.

मग गुड फ्रायडे आला. त्या दिवशी गावात कुणी मोठ्यानं बोलत नाही, एक दुकान उघडं नसतं. देवच मेलेला, तेव्हा भुताखेतांना मोकळं रान, असं म्हातारी माणसं म्हणतात. दुपारी पेलिंग नारळाच्या दुधात रताळं आणि साबुदाणा शिजवत होती. दारापुढं पांढरी गाडी थांबली. गॉगल लावलेला एक किडकिडीत माणूस उतरला आणि हळू आवाजात म्हणाला, "मावशी, जरा टेकू द्याल का? गावप्रमुखांच्या आईच्या मयताहून येतोय. मॅडम फार मानतात हो, न थांबता घरी जाणार नाहीत. आज तर सगळंच बंद. तिथं कुणीतरी सांगितलं, या घरात मॅडमची जुनी चाहती राहते."

त्याच्या मागं, काळ्या कपड्यांत, सेलिना देल रोसाल उभी होती.

मेणबत्त्यांचा आणि फुलांचा वास पेलिंगला दारातच आला होता. फाटक लावायचं, सॉरी म्हणायचं, घरात आजारी आहे म्हणायचं. तेबानला म्हटलं तसंच. तिला सगळं कळत होतं. पण तोंडातून शब्द निघाला तो "या ना, या".

"कोण आलंय गं?" आतून इस्कोनं विचारलं.

"सेलिना आलीय," ती म्हणाली. "मला भेटायला."

तिनं खुर्चीवरचं प्लॅस्टिक ओरबाडून काढलं. सेलिना बसली. खुर्चीकडं तिनं पाहिलंही नाही. ती थकलेली होती, चेहऱ्यावरचा रंग घामानं ओघळला होता. पेलिंगनं वाटी पुढं केली, तर तिनं हातानंच नको म्हटलं आणि पाणी मागितलं. पाणीही घोटभरच घेतलं. पेलिंग समोर उभी राहून हसत होती, तोंड भरून, खिडकी दिसावी म्हणून. सेलिनाचं लक्ष गेलं.

"दात बसवून घ्या हो मावशी," ती मायेनं म्हणाली. "हल्ली स्वस्तात होतं."

पेलिंगनं ओठ मिटले. सेलिना तिच्याहून मोठी होती, वयानं चांगली मोठी. शूटिंगची आठवण करून द्यावी म्हणून पेलिंगनं जीभ हलवून पाहिली, पण गॉगलवाल्यानं घड्याळ पाहिलं आणि झालं वाटतं मॅडम, असं म्हणाला. सेलिना उठली. उंबरठ्याशी थांबून तिनं स्कर्टचा घोळ झटकला, खुर्चीच्या दिशेनं, आणि गाडीत जाऊन बसली. इतकी वर्षं वाट पाहिली, आणि पाहुणी आली ती मढं ठेवायला.

पेलिंग आत वळली. इस्को रडत होता. चालत्या बाजूच्या डोळ्यातून पाणी घळघळत होतं आणि तोंड एका अंगानं हसत होतं.

"आली गं खरंच," तो म्हणाला. "तुझ्यासाठी आली. मी जन्मभर तुला वेड्यात काढलं. चुकलो मी."

पेलिंगला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. खरं सांगायचं तर दोन्ही सांगावं लागणार. ती माझ्यासाठी आली नव्हती, हे. आणि काय घेऊन आली ते कळत असून मी दार उघडलं, हेही. पहिलं एक वेळ सांगता आलं असतं.

"आता एक कर," इस्को म्हणाला. डावा हात त्यानं पुढं केला होता. "मला बसव त्या खुर्चीत. तिचं झालं ना बसून? थोडा वेळ बसतो. माझ्याच हातची आहे."

तिनं खुर्चीकडं पाहिलं. वेताच्या बैठकीवर अजून खळगा होता. जे काही झटकलं गेलं ते तिथंच होतं, दुसरं कुठं असणार? इस्को कोपरावर उठू पाहत होता. पेलिंग दोन पावलांत खुर्चीपाशी गेली आणि त्याच्या आधी स्वतःच बसली.

आयुष्यात पहिल्यांदाच ती त्या खुर्चीवर बसत होती. पाठ वेलीवर रेटून, दोन्ही हात गच्च धरून, अंगाचा सगळा भार टाकून ती बसली. जे असेल ते मला चिकटू दे, त्याच्यासाठी काही उरू देऊ नको, असं ती मनात म्हणत होती. डोळे मिटलेले होते.

इस्कोचा हात हवेतच राहिला होता. मग त्यानं तो खाली घेतला.

"अजूनही नाही?" तो म्हणाला. "बरं. तूच बस."

चालत्या हातानं त्यानं चादर ओढली आणि हळूहळू, फार कष्टानं, भिंतीकडं तोंड केलं. पेलिंगनं डोळे उघडले, तेव्हा तिला त्याची सोलवटलेली पाठ दिसली. खुर्चीवरून मात्र ती उठली नाही.