बांधावरची पाटी

पाटी रंगवून आणली त्या दिवशी कारभारीला वाटलं, आपण कायदाच घरी आणला. दौलताबादच्या हॉटेलांच्या पाट्या रंगवणाऱ्या बन्सी पेंटरकडून त्यानं तेलाच्या डब्याचा पत्रा सपाट करून त्यावर तांबड्या अक्षरांत लिहून घेतलं होतं : ‘सावधान. तारेत करंट आहे. चोर मेल्यास मालक जबाबदार नाही.’ सीताफळाच्या बागेच्या बांधावर बाभळीला ती ठोकली, दोन पावलं मागं सरून बघितली आणि बायकोला, द्वारकाला म्हणाला, “आता कोनी बी मरू दे. आपून लिहून दिलंय.”

आता ह्याला काय म्हणावं! सायकल स्टॅण्डवर ‘सामान हरवल्यास आम्ही जबाबदार नाही’ असं लिहितात, ते वाचून वाचून ह्या गड्याची खात्रीच पटली होती की लिहिलं म्हणजे सुटलो. राग खरा होता, ते नाकारत नाही. आदल्या साली चोरट्यांनी टेम्पो लावून अर्धी बाग खुडून नेली होती. उरलेली डुकरांनी उकरली. मग गावात सगळ्यांनीच केलं ते त्यानंही केलं : मोटरीच्या पेटीतून एक वायर काढली आणि कुंपणाच्या तारेला जोडून दिली.

पण बागेत यायला टेम्पोच लागतो असं थोडंच आहे? दगडाबाई पायी यायची. साठीच्या पुढची, नवरा नसलेली बाई. द्वारका लग्न होऊन आली त्याच्या आधीपासून ती सकाळच्या पारी यायची, झाडाखाली पडलेली, उकललेली सीताफळं लुगड्याच्या ओच्यात भरायची आणि किल्ल्यापाशी नेऊन विकायची. कोणी कोणाला विचारायचं नाही. झाडावरचं मालकाचं, पडीचं येचणाराचं, हे गावात सगळ्यांना ठाऊक. द्वारकाच्या दोन्ही बाळंतपणांत अंगाला तेल चोळलं ते ह्याच बाईनं.

पाटी लागल्यावर चौथ्या दिवशी दगडाबाई बांधावर थांबली. मान वर करून बघत म्हणाली, “द्वारके, काय गं लिव्हलंय एवढं तांबडं?”

द्वारका चौथी शिकलेली. सगळं वाचता येत होतं. पण ‘चोर’ हा शब्द ह्या बाईच्या तोंडावर कसा वाचायचा? तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती म्हणाली, “काय नाय मावशी, आमचं नाव लिव्हलंय.”

“बरं केलं. बागंला मालकाचं नाव असावं,” म्हातारी म्हणाली आणि तारेखालून वाकून आत शिरली. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती, सकाळी सहाला जायची. तार मेलेली होती. कारभारी वायर सोडवायच्या भानगडीत पडतच नव्हता, लाइट आपसूक जाते म्हणून. द्वारकानं मनाशी म्हटलं, दिवसाची पाळी सुरू होईल तवा सांगू. असं आज सांगू, उद्या सांगू करत ती गप्प राहिली.

सोमवारी पाळी फिरली. कारभारी वायर न सोडवता फळं घेऊन औरंगाबादच्या मार्केटला निघून गेला. आठला लाइट आली. नऊला द्वारका भाकरी घेऊन गेली तर दगडाबाई तारेला चिकटलेली, आणि ओच्यातली सीताफळं मातीत सांडलेली. द्वारकानं काठीनं पेटीचं बटण पाडलं, मग घसा बसेपर्यंत बोंबलत राहिली.

पोलीस यायच्या आधी कारभारी परत आला. बाईकडं बघितलंही नाही, आधी बाभळीकडं गेला. पाटी उचकटली, गोधडीत गुंडाळली, बायकोच्या हातात दिली. “जपून ठिव. हाच आपला पुरावा हाय.”

तो कोठडीत गेला, आणि द्वारका शहरात वकिलाकडं गेली. बद्रीनाथ वकील म्हातारा, ऐकून घेणारा माणूस. द्वारकानं विचारलं, “साहेब, आपल्या मालासाठी आपून केलं, तर कायदा आपल्या बाजूनं नाय का?”

“हाय की,” वकील म्हणाला. “दरोडा पडला, रात्री कोणी घर फोडलं, राहत्या घराला आग लावली, नाहीतर चोर तुमच्याच जिवावर उठला, तर मारायची मुभा हाय. पण पडलेल्या सीताफळासाठी नाय, बाई. आन् तुमचा नवरा तर तिथं नव्हताच. जिवाची भीती वाटायला कोण व्हतं? तार?”

वकिलानं द्वारकाला पाणी पाजलं, मग सांगितलं, “एक वाट हाय. तार डुकरांसाठी लावली व्हती, वायर सोडवायची राहून गेली. हलगर्जी. फार तर दोन वर्षं.”

“पर आमी तर सांगितलं व्हतं, साहेब,” द्वारका घाईनं म्हणाली. “पाटी लावली व्हती. चोर मेल्यास मालक जबाबदार नाही. ठिवलीय मी जपून.”

वकिलानं चष्मा काढला. “डुकराला वाचता येतं का, बाई?”

तिला कळेना.

“पाटी माणसासाठी असते. माणूस मरंल हे नवऱ्याला ठाऊक व्हतं, हे त्यानं स्वतःच्या पैशानं लिहून ठिवलंय. दहा वर्षं जाईल आत. ती पाटी मला दाखवू नका आन् कोणाला दाखवू नका. घरी जाऊन काय करायचं ते तुमचं तुमी बघा.”

गावात तर पाटी कोणी पाहिलीच नव्हती म्हणे! रोज तिच्याखालून जाणारे बाप्ये, “पाटी? कुठली पाटी?” असं विचारायला लागले. ज्याच्या त्याच्या बांधावर तार होती ना. मेले सगळे एका माळेचे मणी. आणि टेम्पोवाले? त्यांना वाचता येत होतं. ते त्या साली फिरकलेच नाहीत.

तेराव्यानंतर दगडाबाईची लेक आवडाबाई दारात आली. रडून रडून डोळे सुजलेले. “वैनी, फौजदार म्हनतो, डुकराची तार व्हती, तुझ्या मायला दिसली नाय. माय मला म्हनली व्हती, बागंला पाटी लावलीय, त्यांचं नाव हाय तिच्यावर. नुसतं नावच व्हतं का?”

द्वारका म्हणाली, “व्हय.”

आवडाबाई गेली. द्वारका कोठीच्या खोलीत जाऊन गोधडीपाशी बसली. नवऱ्याला दहा वर्षं. पोरं शाळेत, बाग उभी, म्हातारी सासू. विहीर चाळीस पावलांवर. पत्रा बुडायला किती वेळ लागतो? ती पाटी घेऊन निघाली, विहिरीपर्यंत गेली, काठावर उभी राहिली. मावशीपासून अक्षरं लपवली, आता पुन्हा तेच करायला आलोय आपण, असं तिच्या मनात आलं, आणि स्वतःचीच किळस आली. ती तशीच वळून आवडाबाईच्या अंगणात गेली.

गोधडी सोडली. एकेका अक्षराखाली बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. ‘चोर’ म्हणताना आवाज फाटला, पण वाचलं.

आवडाबाईनं विचारलं, “मायनं पुसलं व्हतं तुला?”

“व्हय. मला लाज वाटली.”

“लाज,” आवडाबाई म्हणाली. “आता वाचून दाखवतीस व्हय गं? कुणाला?”

द्वारकानं पाटी पुढं केली. “ठाण्यात दे. मी संगं येते, जबानी देते.”

“माझ्या मायला चोर म्हनलेला पत्रा मी नाय धरायची. तूच धर. आन् अक्षरं बाहेरच्या अंगाला ठिव.”

भर दुपारी दोघी गावातून निघाल्या. ओट्यावरची माणसं उठून घरात गेली. वेशीपाशी दोन म्हाताऱ्या पडीची सीताफळं टोपलीत घेऊन येत होत्या. त्यातली एक थांबली. “काय गं द्वारके, काय लिव्हलंय?”

द्वारकानं सगळं वाचून दाखवलं.

म्हातारीनं आपल्या टोपलीकडं बघितलं. “म्हंजी, आमालाच की.”

“व्हय, मावशी,” द्वारका म्हणाली. “तुमालाच.”