मिठाची पारख

काशीदच्या एका रिसॉर्टसाठी काचा धुरकट करून द्यायच्या होत्या. पेणजवळच्या कारखान्यात हे काम स्वप्निल पाहत असे. अमोनियम बायफ्लोराइडचं द्रावण पसरलं की काचेची झळाळी हळूहळू विझे आणि तिच्यावर धुक्याचा मऊ पडदा उतरे. अमोनिया आणि हायड्रोफ्लोरिक आम्लापासून बनणारा हा क्षार दिसायला पांढराशुभ्र, गरीब. पण काचेच्या बरणीत ठेवला तर बरणीच खाणारा. म्हणून तो प्लॅस्टिकच्या पिंपात असे.

त्या दुपारी उघड्या पिंपापाशी त्याला वडील दिसले. बुधाजींचा सारा जन्म मिठागरात गेला होता. मिठागर बुजल्यावर स्वप्निलनेच त्यांना इथे हमालीला लावलं होतं. ते तळहातावर खडे चुरडत होते.

"बाबा, हातमोजे कुठायत?"

"मीठ काय हातमोज्यानं कळतं? पानी सुटलंय याला."

स्वप्निलने त्यांना नळाखाली ओढलं, हात खळखळून धुतला, अशा वेळेसाठीच ठेवलेलं कॅल्शियमचं जेल चोळायला घेतलं.

"आग होतेय?"

"काय पन न्हाय."

त्या 'न्हाय'नेच तो आणखी घाईने चोळू लागला. हे विष आधी दुखत नाही. निमूटपणे आत उतरतं, रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं आणि मग काळजाचा ठोका चुकतो. शिवाय मिठागरातली माणसं खडा चुरडून थांबत नाहीत. तो जिभेवरही ठेवतात.

"तोंडात घातलंत?"

"न्हाय म्हनलं ना. बोंबलू नको. मालकाला कळलं तर माझ्यापायी तुझी नोकरी जायची."

वडिलांपुढे स्वप्निलचा आवाज कधीच चढला नव्हता. आताही चढेना. जेल चोळत, मान खाली घालून त्याने हळूच विचारलं, "आपल्या मिठापुढे कसं आहे हे?"

"ह्यॅ. याला मीठ कोन म्हनंल? आंबट हाय."

शब्द निसटला आणि बुधाजींची नजर जमिनीला खिळली.

स्वप्निल धावला. चूळ, कँटीनमधलं दूध, मालकाचीच जीप. वाटभर त्याची बोटं वडिलांच्या मनगटावर होती. नाडी मधेच अडखळे.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "पोटात गेलंय का?"

स्वप्निलने तोंड उघडण्याआधीच बुधाजी म्हणाले, "व्हय. चाखलं मी."

शिरेत कॅल्शियम सुरू झालं. पडद्यावरची हृदयाच्या ठोक्यांची वेडीवाकडी रेघ पुष्कळ वेळाने लयीत आली. तेव्हाच बुधाजी कण्हले.

"हाताची आग व्हतेय रं."

स्वप्निलने तो हात आपल्या हातात घेतला आणि पुन्हा जेल चोळू लागला.