पाठभेदाला दोन कार्डं लागतात

माझ्या नवऱ्याला, बळवंतला, बेसबॉल खेळता येत नाही आणि बघवतही नाही. पण जुनी अमेरिकन बेसबॉल कार्डं जमवणाऱ्या इथल्या मंडळींत त्याचा शब्द अखेरचा. खेळाडूंची चित्रं असलेल्या या पुठ्ठ्यांत छपाईचा एखादा फरक सापडला की हे लोक वेडे होतात. त्यातला खरा कुठला हे बळवंत ठरवतो आणि शोधणाऱ्याच्या नावासकट इंटरनेटवरच्या यादीत चढवतो. खऱ्या फरकाला तो पाठभेद म्हणतो. संस्कृतची पदवी माझी, शब्द त्याने उचलला.

नियम त्याचा सोपा. एकच कार्ड वेगळं निघालं तर तो छापखान्यातला अपघात. तसंच दुसरं मिळालं तर पाठभेद.

या मंडळींतल्या प्रकाशच्या बायकोला, इरावतीला, किंग्स डेला, म्हणजे इथल्या डच राजाच्या वाढदिवसाला, रस्त्यावर भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या बाजारात असं एक कार्ड मिळालं होतं. खेळाडूच्या टोपीवरचं लाल अक्षर त्यावर उमटलंच नव्हतं. तिनेच ते ओळखलं आणि आमच्याकडे आणून सगळ्यांना दाखवलं. पुढे कॅन्सरने ती गेली. यादीत तिचं नाव लागावं, एवढंच प्रकाशने मनावर घेतलं. बळवंत दर वेळी म्हणायचा, दुसरं आण. बिचाऱ्याने द हेगपर्यंतचे जुने बाजार पालथे घातले, अर्धा झाला.

मागच्या शनिवारी बेस्ट नावाच्या आमच्या गावात, आमच्या घरी मंडळी जमली होती. प्रकाशने टेबलावर दोन कार्डं ठेवली. कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. बळवंतने दुसरं कार्ड भिंगाखाली धरलं आणि एकेकाला बघायला लावलं. टोपीवरचा कागद खरवडलेला होता. अक्षर प्रकाशने ब्लेडने काढलं होतं.

“घरात ब्लेड एकच असतं,” बळवंत शांतपणे म्हणाला. “वहिनींनीही तेच वापरलं असणार.”

इरावतीचं कार्ड त्याने भिंगाखाली धरलंच नाही. मी म्हटलं, ते पण बघ की. त्याने मला चहा टाकायला सांगितलं. बाकीचे माना खाली घालून पोहे खात राहिले. मला एकेकाची बशी काढून घ्यावीशी वाटली. चूक माझी आहे, तिला मध्ये आणू नका, एवढं म्हणून प्रकाश दोन्ही कार्डं तिथेच टाकून सायकलवर निघून गेला.

मंडळी गेल्यावर बळवंतने कपाटातून आपलं एक कार्ड काढलं. तोच खेळाडू, तशीच कोरी टोपी. मी विचारलं, हे कधीपासून आहे? इरावतीच्या आधीपासून, म्हणाला.

“मग बोलला का नाहीस?”

“ती आधी बोलली. नाव तिचं लागलं असतं.”

खरवडलेलं कार्ड त्याने कचऱ्यात टाकलं, इरावतीचं आपल्या कार्डाशेजारी ठेवून फोटो काढला. यादीत पाठभेद चढला. शोधक, बळवंत.

दुसऱ्या दिवशी प्रकाशचा मेसेज माझ्या फोनवर आला. मी तो बळवंतला मोठ्याने वाचून दाखवला. “वहिनी, यादी पाहिली. डावीकडचं कार्ड इरावतीचं, दुमडलेल्या कोपऱ्यावरून ओळखलं. तिचं खरं होतं, याचंच बरं वाटलं. नाव नसलं तरी चालेल. कार्ड तेवढं परत मिळेल का?”

बळवंत अल्बम पुसत होता.

“नाही म्हणून कळव,” तो म्हणाला. “ते गेलं तर माझं एकटं उरेल. मग तो अपघात.”