सात ठिपक्यांची रेघ

प्रयोगशाळेत तिला सगळे 'चाळणी' म्हणत. कणांची टक्कर झाली की त्यांतून उडालेले नवे कण यंत्राच्या सात थरांतून आरपार जात, थराथरावर एकेक ठिपका ठेवून नाहीसे होत. संगणक ते ठिपके जोडून रेघा काढी. त्यांतल्या खऱ्या ठेवायच्या, खोट्या खोडायच्या, हे तिचं काम.

आज मात्र तिचा हात धजत नव्हता. पडद्यावर एक रेघ होती, बाकीच्यांपासून फटकून निघालेली, सुरेख वळलेली. अशा वाटेने जाणारा कण आजवर कुणाला दिसला नव्हता. तीन वर्षं तिने त्याचाच ध्यास घेतला होता. दुपारच्या बैठकीत दाखवली, की झालं.

तिचा थोरला भाऊ हात पुसत आत आला. यंत्राचे थर त्याने बसवलेले.

"काय गं, नुसती डोळे भरून बघत बसलीयेस?"

"गप रे दादा."

"लोकांच्या रेघा खसाखस खोडतेस. घरच्या पिठाला चाळणी नको वाटतं?"

ती हसली, पण बोल लागला. तिने त्याच टकरीतल्या उरलेल्या रेघा पडद्यावर आणल्या आणि एकेका ठिपक्याला विचारलं, बाबा रे, तू कुणाचा?

पहिला ठिपका वरून आलेल्या रेघेत अलगद जाऊन बसला. दुसरा डावीकडच्या. तिसरा, चौथा, हाक आल्यासारखे आपापल्या घरी गेले. सातवाही गेला. तिची रेघ उरलीच नाही.

"गेली गं," दादा हळूच म्हणाला.

"तुझे थर खोटं बोलले नाहीत, दादा. ठिपका न् ठिपका खरा आहे." ती म्हणाली. "त्या वाटेने कुणी चाललंच नव्हतं, एवढंच."

सात वाटसरू, सात वाटांचे. ना ओळख, ना भेट. जाता जाता पावलं अशी टेकवून गेले, की त्यांतून आठवा चालत आला, आणि त्या आठव्याला तिने जीव लावला. डोळे भरले होते तिचे, पण नजर हलेना. एवढं रेखीव, आणि कुणीच काढलेलं नाही!

तिने 'खोटी' ही कळ दाबली.

"आता बैठकीत काय दाखवशील?"

"हेच. सातही जण घरी जाताना."

दादा अजून पडद्याकडेच बघत होता.

"केवढी ही गर्दी गं," तो पुटपुटला, "आणि कुणाचा कुणाला धक्का नाही."