सगळ्यात खालचं गाठोडं

"गुंडूमामा, आमच्या दुकानातलं काम तुम्ही मुद्दाम मागं ठेवता का?"

दुकानातल्या जुन्या कारागिराची, गुंडूमामांची, कात्री अर्ध्या कापडात थांबली. 'हिंमत असेल तर तोंडावर विचार,' अशी वर्गातल्या काव्यानं पैज लावली होती. रक्षितानं विचारलं खरं, पण आता नजर कुठं ठेवावी ते तिला कळेना.

"कुणी शिकवलं गे हे?"

"कुणी नाही. सुम्ने, उगीच विचारलं."

"पुट्टी, शिंप्यानं चोरलं तर वीतभर कापड चोरेल. अख्खं गाठोडं चोरून मी काय ब्लाउज घालून फिरू?"

ते हसले, पण कात्री लगेच चालली नाही. रक्षितानं हे बरोबर टिपलं.

संशयाला कारण होतं. म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या तिच्या आईवडिलांच्या या दुकानात पूर्वी दारात येऊन जी मोठ्यानं ओरडेल, तिचा ब्लाउज आधी. गप्प बसणारीचा राहूनच जाई. चुलतभाऊ गगनदादाच्या कंपनीत दर सोमवारी सगळी टीम तुंबलेली कामं समोर मांडून क्रम ठरवते, हे ऐकलं आणि आपल्याकडंही तसंच हवं म्हणून रक्षितानं घर डोक्यावर घेतलं. तेव्हापासून सोमवारी शाळेआधी, शटर अर्धंच उचलून, सगळी गाठोडी टेबलावर. प्रत्येकाला एकच प्रश्न: घालणार कोण आणि कधी? जवळची तारीख वर, लांबची खाली. आधी अप्पा हसले. आता तेच कॉफी घेऊन तिची वाट बघत बसत.

फक्त एक जांभळं गाठोडं ऐकत नव्हतं. कुसुमबाईंनी आणलेलं, पुतणीच्या, सुमाच्या, साखरपुड्याचं. "ब्लाउज हातात पडला की मुहूर्त," असं त्या बजावून गेल्या होत्या. म्हणून रक्षिता ते सगळ्यांत वर ठेवी, आणि पुढच्या सोमवारी ते तळाशी सापडे.

गुरुवारी ट्यूशनला जाते म्हणून ती निघाली आणि माप घ्यायच्या पडद्याआड दबा धरून बसली. गुंडूमामा चहाला गेले, अप्पा बटणं आणायला. मशीन थांबलं. अम्मा उठली, दाराकडं एकदा बघितलं, जांभळं गाठोडं वरून काढलं आणि तळाशी सरकवलं. वरून हातही फिरवला, झोपलेल्या लेकरावर फिरवावा तसा.

"अम्मा?"

अम्मा दचकली ती स्टुलावरच बसली.

"तू जिथं उभी आहेस ना, तिथंच माप देताना सुमा रडली," ती हळू म्हणाली. "साखरपुडा झाला की शिक्षण बंद, असं त्यांच्या घरात ठरलंय. नर्सिंगच्या प्रवेशाची यादी लागायची आहे. 'वनजाक्का, तोवर तुमचा दोरा संपू दे,' म्हणाली."

"अय्यो, मग मला सांगायचं ना! मी गुंडूमामांना काय काय विचारलं!"

"सगळ्यांसमोर मांडायची तुझी बैठक. तिथं कसं सांगू? अप्पांनाही बोलले नाही."

सोमवारी अप्पांनी नेमकं जांभळं गाठोडंच आधी पुढं ओढलं.

"हे कोण, कधी?"

अम्मा मशीनच्या चाकाकडं बघत राहिली. रक्षितानं गाठोडं उचललं. हलकं लागलं. गाठ सोडली, तर आत अस्तरच नाही. सवयीनं तिची नजर गुंडूमामांकडं गेली. गुंडूमामांची अप्पांकडं.

"अस्तर मी घरी नेलंय," अप्पा कॉफी ढवळत म्हणाले. "पाण्यात घालून आटवायला."

"इतके दिवस?"

"आटतंय अजून."

अम्माचा हात चाकावर तसाच राहिला.

गुंडूमामा खाकरले. "पडदा कापडाचाच असतो, पुट्टी. अलीकडं बसलेल्यालाही ऐकू येतं. मीसुद्धा बाह्यांचं माप हरवून बसलोय."

तिघं एकाच गाठोड्याला तीन बाजूंनी मागं ओढत होते, एकमेकांना चोरून. रक्षितानं स्वतःचा कॉफीचा पेला गुंडूमामांपुढं सरकवला. मग गाठ नीट बांधली आणि गाठोडं सगळ्यांच्या देखत तळाशी ठेवलं.

"अप्पा, अम्मा, मी ठरवलंय. यापुढं दोरा संपला, अस्तर आटतंय, असलं काही नको. कुसुमबाई आल्या की मी बोलणार. आमच्या दुकानाचा नियमच आहे म्हणून सांगणार, सगळ्यांना सारखा. घालणार सुमाक्का, तर तारीखही सुमाक्काच सांगणार."