मी वाजतच होतो

मित्रांनो, मी एक जुना नादकाटा आहे. पोलादाचा, दोन दांड्यांचा, खाली मूठ. कोणी मला चमच्यांत टाकले की माझा पारा चढतो. मी कानाच्या डॉक्टरांचा काटा आहे, म्हटले!

डॉक्टर मला कोपरावर आपटत. माझ्या दांड्या सेकंदाला पाचशे बारा वेळा थरथरत आणि भोवतालची हवा थरथरवत. तोच आवाज. तो कानाच्या पडद्यावर आदळतो, तीन चिमुकली हाडे तो आत पोचवतात, आणि शंखासारख्या नळीतल्या केसाळ पेशी मेंदूला खबर देतात. मोठ्या आवाजाने या पेशी मेल्या, की पुन्हा येत नाहीत.

डॉक्टरांची रीत साधी. मला रोग्याच्या कानाशी धरायचे. आवाज थांबला की त्याने बोट वर करायचे. मग डॉक्टर मला स्वतःच्या कानाशी नेत. त्यांना अजून ऐकू आले, तर रोग्याचा कान अधू. त्यांचा कान हेच माप.

दवाखान्याखाली लाकडाची वखार होती. करवत दिवसभर किंचाळे. "कानात बोळे घाल रे बाबा," डॉक्टर करवतवाल्याला बजावत. स्वतःची खिडकी मात्र तीस वर्षे सताड उघडी! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

एकदा करवतवाला वर आला. "डॉक्टर, बायको म्हणते मी हाकेला ओ देत नाही."

मला कानाशी धरताच त्याने लगेच बोट वर केले. डॉक्टरांनी मला आपल्या कानाशी धरले. "मलाही ऐकू येत नाही आता. ठणठणीत आहेत तुझे कान! बायकोला म्हणावं, जरा गोड हाक मार."

दोघे हसले. अहो, मी वाजत होतो! माझा जीव तुटत होता, पण सांगू कसा? तो पुन्हा करवतीवर गेला.

वर्षाने बायको त्याला हाताला धरून घेऊन आली. तो नुसता बोलणाऱ्यांच्या तोंडांकडे बघत होता. डॉक्टरांनी पुन्हा तसेच तपासले, पण या वेळी त्यांच्या मुलीने, तीही डॉक्टरच, मला त्यांच्या कानापासून काढून आपल्या कानाशी धरले.

"बाबा, काटा अजून वाजतोय."

"छे! म्हातारा झालाय तो काटा."

तिने मला तसेच त्यांच्या बोटांत दिले. बोटांना थरथर कळली, कानाला काहीच नाही. डॉक्टरांनी जाऊन ती खिडकी लावून घेतली.

मित्रांनो, कानांना जपा. आणि कोणी ऐकू येत नाही म्हणाले, तर त्याला हसण्यावारी नेऊ नका.

संध्याकाळी डॉक्टर एकटेच वखारीत गेले. मी त्यांच्या खिशात होतो. "माझं चुकलं रे, माफ कर," ते म्हणाले. करवतवाल्याला ते ऐकू गेले नाही, पण चेहरा पाहून तो समजला. तो काहीतरी पुटपुटला. डॉक्टरांना ते कळले नाही. मान खाली घालून ते परत फिरले.

"असू द्या, डॉक्टर. मनाला लावून घेऊ नका," असे तो म्हणाला होता. ते फक्त मी ऐकले. आणि मला तर एकच सूर काढता येतो.