फोटोमागचे शब्द

एकोणीसशे नव्व्याण्णवात विश्रामबागेत माझा कॉम्प्युटर क्लास होता, आणि आपल्याला वेबसाईट करता येते याचा मला भलताच माज होता. अंधांची लग्नं जमवणाऱ्या एका संस्थेची वेबसाईट मी हौसेनं करून दिली. मराठी अक्षरं तेव्हा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर धड उमटायची नाहीत, म्हणून सगळा मजकूर चित्रं करून चढवला. दिसायला एकदम झकास.

मग संस्थेत लग्नासाठी नाव नोंदवलेली क्रांती साताऱ्याहून आली, सोबत तिची आई अंबूबाई. क्रांती बँकेत टेलिफोन ऑपरेटर. तान्ही असताना देवी आल्या आणि डोळे गेले. संस्थेनं दिलेलं बोलतं सॉफ्टवेअर तिनं माझ्या कॉम्प्युटरवर घातलं आणि माझी वेबसाईट उघडली. सॉफ्टवेअर साहेबी आवाजात म्हणालं, "इमेज. इमेज. इमेज."

"सर, यातलं आम्ही वाचायचं काय?" क्रांतीनं विचारलं.

मला राग आला. तिचं बरोबर होतं, म्हणून जरा जास्तच आला. पण बसलो आणि सगळं नव्यानं केलं. सॉफ्टवेअरला इंग्रजीच कळायचं, म्हणून मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलं. फोटोमागं शब्द लिहायची सोय असते; ते डोळ्यांना दिसत नाहीत, सॉफ्टवेअर वाचून दाखवतं. प्रत्येक मुलाच्या फोटोमागं मी 'देखणा' असं ठोकून दिलं.

"सगळेच देखणे? मग बिनलग्नाचे कसे राहिले?" क्रांती म्हणाली. मी निमूटपणे टकल्याला टकला लिहिलं.

शेवटी तिचा स्वतःचा फोटो आला. तिला बघायला आलेली माणसं चहा पिऊन जायची आणि नंतर निरोपसुद्धा धाडायची नाहीत. मुलगा अंध असला तरी त्याच्या घरच्यांना डोळे असायचे. ज्यांना पटणार नाही त्यांनी आपल्या घरूनच नाही म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

"लिवा, गोरी, देखणी," अंबूबाई म्हणाल्या. "तोंडावर येक डाग न्हाई."

मी फोटोकडं बघितलं. दोन्ही गाल वणांनी भरलेले. माझा हात कीबोर्डवर थांबला.

"आये," क्रांती म्हणाली, "मला बोटं हायती न्हवं?"

अंबूबाईंचा चेहरा उतरला. "कवापासनं ठावं हाय तुला?"

"शाळेत असल्यापासनं. तू लय खुशीत सांगायचीस, म्हणून गप बसले."

"पर खरं लिवलं तर कुणी यायचं न्हाई गं."

"न्हाई तर न्हाई. पुन्हा चहा ठेवून वाट बघायची न्हाई मला."

अंबूबाईंनी पदरानं नाक पुसलं. फोटोकडं बघायचं सोडून त्या लेकीकडंच बघत राहिल्या. "लिवा दादा. रंगानं सावळी. गालावर, कपाळावर देवीचे वण हायती." मग म्हणाल्या, "हसली की हुबेहूब बापावानी दिसती."

मी लिहिलं आणि सॉफ्टवेअरला वाचायला लावलं. त्यानं आपल्या साहेबी उच्चारांत सगळं वेडंवाकडं वाचलं.

"शेवटचं परत लावा," क्रांती म्हणाली. मी लावलं. तिनं आणखी एकदा लावायला सांगितलं. तिचे वडील ती पाळण्यात असतानाच वारले होते.

"आये, मी बाबांसारखी दिसते?"

"व्हय."

"मग हे कधी बोलली न्हाईस?"

अंबूबाईंनी तिच्या वणभरल्या गालावरून हात फिरवला. "खोटं सांगायच्या नादात ऱ्हाऊनच गेलं गं बाय," त्या म्हणाल्या.